विमलकाकूंची वणी

आमच्या शेजारच्या विमलकाकू रोज सकाळी वणी पुसतात. अख्खं गाव. पदर खोचायचा, ओलं फडकं घ्यायचं. आधी निर्गुडा नदी, मग बाजार, मग आमची गल्ली. कोळशाचे ट्रक रात्रभर जातात, त्यामुळे उजाडेपर्यंत सगळ्यावर काळी साय धरलेली असते.

ही वणी काकूंनी आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर रंगवली आहे. तीस वर्षं त्या मोजणीच्या कचेरीत नकाशे उतरवायच्या. "सायेब म्हणे, जसं हाय तसं काढा. आता मी जसं पाह्यजे तसं काढून राह्यली!" रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑइलपेंटचे डबे घरी आले होते.

भिंतीवरच्या वणीत नदी निळी आहे. काठाला जांभळाची झाडं आहेत. ट्रकचा रस्ता गावाबाहेरून जातो. चौकाचौकात बायांसाठी बाक आहेत, 'नुसतं बसाले'.

"काकू, डास नाही काढले?" मी एकदा चिडवलं.

"नाहीत म्हणून तं काढले नाहीत!"

गल्लीनं आधी पोटभर हसून घेतलं. मग एकेकाला भिंतीवर आपलं घर सापडलं आणि मागण्या सुरू झाल्या. हार्डवेअरवाले ठाकरे दुसरा मजला मागायला आले.

"जमत नाही. मागच्या घराच्या अंगणात ऊन कुठून येईन?"

ठाकरे चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पिवळ्या रंगाचा डबा घेऊन हजर. "निदान दरवाजा तरी पिवळा करा!"

माझ्या आईला मारुतीचं देऊळ हमरस्त्यावरून आमच्या गल्लीत आलेलं दिसलं. "देवाले विचारलं काय?" तिनं धास्तावून विचारलं.

"विचारलं. त्याले बी ट्रकचा आवाज सहन होत नाही."

एकदा बँकेत नव्यानं बदलून आलेल्या एका साहेबांनी त्या नकाशाचा मोबाइलवर फोटो काढला आणि त्यातला तलाव बघायला निघाले. तासाभरानं घामाघूम होऊन परत. "अहो, तिथं तर कोळशाचा ढीग आहे!"

काकूंनी त्यांना पाणी दिलं. म्हणाल्या, "तुमी जरा लवकर आले."

मागच्या महिन्यात भरदुपारी एक ट्रक मागे घेताना भिंतीवर आदळला. बाजार, आमची गल्ली आणि अर्धी नदी रस्त्यावर पडली. काकूंनी विटांचे रंगीत तुकडे वेचून ओट्यावर ठेवले आणि दार लावून घेतलं. दोन दिवस त्यांच्याकडून भांड्याचासुद्धा आवाज आला नाही.

तिसऱ्या दिवशी ठाकऱ्यांनी सिमेंट आणलं. कोणी विटा आणल्या, कोणी वाळू. बँकेतले साहेब घमेलं उचलायला आले. भिंत उभी राहून वाळली, तेव्हा काकूंनी दार उघडलं आणि प्रत्येकाच्या हातात ब्रश दिला. "रेघेच्या बाहेर जाऊ नका, हो!" असा ओरडा दिवसभर चालू होता. ठाकरे तीनदा बाहेर गेले.

मी आमची गल्ली रंगवत होतो. घरं मोजताना एक कमी भरलं.

"काकू, तुमचं घर राहिलं."

"राह्यलं नाही. काढलंच नव्हतं."

"काहून?"

त्या जांभळाच्या पानांवरून ब्रश फिरवत राहिल्या. "घर असलं की मानूस घरातच राह्यते. कामाबिगर कोणाकडे जावं कसं? या गावात मले घरच नाही, म्हटल्यावर कोणी ना कोणी म्हणीनच ना, या, बसा."

मी ब्रश ठेवला. घरी जाऊन आईला सांगितलं. तिनं चहाचं आधण ठेवलं आणि तशीच काकूंच्या फाटकाशी गेली.

"विमलताई, चाला. चहा उकळून राह्यला."

काकू दचकल्या. "काही काम होतं काय?"

"काही नाही. नुसतंच."

काकूंनी ब्रश डब्यात ठेवला, पदराला हात पुसले, आणि पायात चपला घालायचंही विसरून आईच्या मागोमाग आमच्या घरी आल्या.