नकारमुक्त रुग्णालय

तातडीच्या रुग्णाला 'नाही' म्हणणाऱ्या डॉक्टरला तुरुंगवास, असा कायदा झाला आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयाने तो फारच मनावर घेतला. समिती नेमली गेली. समितीने कायद्याचा कीस पाडला आणि निष्कर्ष काढला, की शिक्षा आहे ती नकाराला. होकार दिल्यावर उपचार कधी करायचे, याबाबत कायदा मौन बाळगून आहे.

झालं! आवारातून 'नाही' हद्दपार झालं. कुणी काहीही विचारो, हसून म्हणायचं, "हो हो, नक्की!" सक्तीच्या प्रशिक्षणाने ते सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं, की घरी बायकोने "माझा छळ मांडलाय का?" असं विचारलं, तरी मोठे डॉक्टर म्हणायचे, "हो हो, नक्की!"

अशा या पुण्यस्थळी एके सकाळी शिवणवाल्या काकू नवऱ्याला घेऊन धडकल्या. काका छाती धरून वाकले होते, घामाने निथळत होते, ओठ निळे पडत होते. काकू मशीनवरून उठून तशाच धावल्या होत्या. मापाची टेप अजून गळ्यात लोंबत होती.

"वॉचमनदादा, आत घेताय ना यांना?"

"हो हो, नक्की!" वॉचमनने कडक सलाम ठोकला.

स्वागतकक्षातल्या ताईने काकांच्या हाती गुलाबाचं फूल ठेवलं.

"खाट मिळेल ना गं?"

"हो हो, नक्की!"

"कधी?"

ताईचं हसू गोठलं. 'कधी'चं उत्तर प्रशिक्षणात नव्हतं. "हो हो," ती म्हणाली, "नक्की!"

मग चाकाच्या खुर्चीतून काकांची वरात निघाली. या खोलीत होकार, त्या खोलीत होकार, फिरून पुन्हा फुलवाल्या ताईपाशी. एवढा मान काकांना सासरीसुद्धा मिळाला नव्हता.

"अगं, घरी चल," काका कसंबसं पुटपुटले. "तिथे निदान तू तरी नाही म्हणतेस."

काकूंनी ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हे हसू त्यांच्या चांगलं ओळखीचं होतं. जन्मभर त्या स्वतः गिऱ्हाइकांना असंच हसून सांगत आल्या होत्या, "ब्लाउज ना? उद्या नक्की!" असल्या होकाराचं पुढे काय होतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक!

तेवढ्यात हृदयाचे मोठे डॉक्टर कॉफीचा कप घेऊन डुलत डुलत आले. काकूंनी वाट अडवली.

"डॉक्टर, यांना तपासता ना?"

"हो हो, नक्की!" डॉक्टर बगल देऊन निघालेसुद्धा.

काकूंनी पदर खोचला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "म्हणजे तुम्ही माझ्या नवऱ्याला इथेच, या खुर्चीत, मरू देणार तर?"

"हो हो, नक्की!"

हॉलमध्ये जमलेल्या सगळ्यांचे फोन आधीपासूनच उंचावलेले होते. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. शब्द मागे घ्यावेत, तर 'नाही' म्हणावं लागणार, आणि ते तर जिभेवरून कधीच पुसलं गेलेलं! आता उपचार करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कप फेकून ते स्वतः खुर्ची ढकलत सुटले. खुर्ची अडकली दाराच्या उंबऱ्यात.

"अहो, हात लावा ना कुणीतरी!" काकू किंचाळल्या.

पण कुणाचाच हात मोकळा नव्हता. सगळ्या हातांत फोन होते. कुणी बाकावर चढलं, कुणी पुढच्याला म्हणालं, "ओ, जरा बाजूला व्हा, काका दिसत नाहीयेत." शेवटी काकू आणि डॉक्टरांनीच ती खुर्ची उचलून आत नेली, आणि दुपारपर्यंत काकांच्या ओठांवर रंग परतला.

मरू देण्याला होकार म्हणजे उपचाराला नकारच, म्हणून डॉक्टरांवर रीतसर गुन्हा दाखल झाला. हॉलमधल्या मंडळींवर मात्र कोणतंच कलम बसेना. कायदा डॉक्टरांसाठी आहे, बघणाऱ्यांसाठी नाही. त्यांनी ती चित्रफीत गावभर पाठवली आणि खाली लिहिलं, 'माणुसकी मेली हो!'

तुम्हालाही आली असेलच. तुम्ही हळहळलात, डोळे पुसलेत आणि लगेच पुढे पाठवलीत. घाबरू नका, त्याला अजून शिक्षा नाही.