ऑगस्टसचं सूप

बिघडलेली वस्तू माझ्या हाती द्या आणि निर्धास्त झोपा! एलाऊ बेटावर पाऊल ठेवल्यापासून मी हे सगळ्यांना सांगत आलोय. इथं मिशनचा पाळक मीच, शाळामास्तर मीच आणि मेकॅनिकही मीच. माझी बायको मॉयरा म्हणते, "डंकन, चालू वस्तू तुझ्या हाती दिली तरी माणसाची झोप उडते." पण मॉयराला यंत्रातलं काय कळतं! तिचं शिवणयंत्र मीच दुरुस्त केलं. आता ते फक्त उलट्या दिशेनं शिवतं, एवढंच. आपण जरा तिरपं बसलं की झालं! चर्चमधला मोठा कंदीलही मीच नीट केला. त्यानंतर चर्चला नवे पडदे आले आणि मला नव्या भुवया.

तर त्या सोमवारी सकाळी मी रेडिओ दुरुस्त करायला घेतला.

हा गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. आमच्या भागात बेटाबेटांवर मिशनची ठाणी आहेत आणि रोज न्याहारीच्या वेळेला ती सगळी रेडिओवर एकत्र येतात. हातात धरायचा माइक, त्याला एक बटण. बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की दुसऱ्याचं ऐकायचं. एकजण बोलतो आणि बाकीची बेटं कान टवकारून बसतात. प्रत्येक ठाण्याच्या खिडकीखाली अख्खं गाव जमतं. कुणाला जुलाब झाले, कुणाची होडी उलटली, कुणाकडचं पीठ संपलं, सगळं घरबसल्या कळतं!

आमच्या माइकचं बटण हल्ली इतकं घट्ट झालं होतं की 'नमस्कार' म्हणेपर्यंत अंगठा सुजायचा. आणि आठवडाही मोठा नाजूक! मिशनचे सुपरिंटेंडंट रेव्हरंड ऑगस्टस पिम गुरुवारी तपासणीला येणार होते. आमच्या शाळेला पत्र्याचं छप्पर द्यायचं, की शाळाच बंद करून आम्हा दोघांना मुख्य ठाण्यावर कारकुनीला बसवायचं, हे सगळं त्यांच्या हातात होतं. कारकुनीच्या नुसत्या कल्पनेनं मॉयरा रात्री दचकून उठायची. शाळा तिनं उभी केली होती. पोरांना वाचायला तिनं शिकवलं होतं. झावळ्यांच्या गळक्या छपराखाली छत्री धरून ती पाढे घ्यायची.

"डंकन, रेडिओला हात लावू नकोस!" ती स्वयंपाकघरातून ओरडली.

"मी नुसतं बघतोय!"

तोवर माइक उघडून झाला होता. खोबरेल तेलाचे दोन थेंब टाकले, जुन्या पेनातली स्प्रिंग बसवली आणि बटण दाबून पाहिलं. लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं! ते बाहेर मात्र आलं नाही. पण हे मला तेव्हा कुठं ठाऊक? रेडिओतून चकार शब्द ऐकू येईना, म्हणून मी समजलो, आज कुणाकडं काही बातमी नसावी. माइक जेवणाच्या टेबलावर पावाशेजारी ठेवला आणि खायला बसलो.

आता इथं ऑगस्टसची ओळख करून द्यायला हवी. दुसऱ्या ऑगस्टसची! हा आमचा कोंबडा. छाती पुढं, मान मागं, प्रत्येकाच्या कामात चोच घालत तो अंगणात तपासणी करत फिरायचा. त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मॉयरा म्हणाली होती, "अगदी पिमसाहेब!" आणि नाव चिकटलं ते चिकटलं.

"ऑगस्टसचं काहीतरी करायला हवं," मॉयरा चहा ओतत म्हणाली. "अगदीच म्हातारा झालाय. काम काही करत नाही, नुसता मिरवतो."

"गुरुवारच्या आत उरकून टाकू," मी म्हणालो. "बुधवारी सकाळी मान मुरगळतो."

"चिवट असेल रे तो."

"मग सूप कर! भरपूर कांदा घातला की कुणाला पत्ता लागणार नाही."

"आणि त्याच्या बायकांचं काय?"

"त्यांना काय फरक पडतो! शेजारच्या मकुआ बेटावरून एखादा तरणाबांड मागवू. दोन दिवसांत ऑगस्टसला विसरतील."

"ती जाड पांढरी नाही विसरायची," मॉयरा हळहळली. "बिचारी दिवसभर त्याच्या मागं मागं असते."

बटण आत होतं. आमचा आवाज बेटाबेटांवर घुमत होता. आम्ही न्याहारी संपवली, त्याच्या पिसांची उशी होईल का यावर थोडं बोललो, आणि मग बॅटरीनं मान टाकली. मी ती जनरेटरला लावली आणि मॉयराला म्हणालो, "बघ, दोष बॅटरीचा होता. बटण एकदम झकास झालंय!"

मंगळवारी सकाळी धक्क्याला मोटारबोट लागली. दवाखान्याच्या बेटावरच्या सिस्टर विनिफ्रेड त्यातून उतरल्या. बाई साठीच्या, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की रोगी औषधाआधीच बरा व्हावा. पण त्या दिवशी त्या माझ्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तशा बोलू लागल्या.

"कसं वाटतंय रे डंकन? डोकं जड होतंय का? ऊन सोसत नाही कधीकधी."

"उत्तम आहे की! तुम्ही अशा अचानक कशा काय?"

"सहज." त्यांनी बोलता बोलता टेबलावरची सुरी उचलून पिशवीत टाकली. "मला सांग, ऑगस्टसबद्दल तुझ्या मनात काही आहे का?"

"अरेच्चा, तुमच्यापर्यंत पोचलं? हो, उद्या सकाळी उरकायचंय."

"त्याचा इतका राग आलाय तुला?"

"राग कसला, सिस्टर! वय झालं की ही वेळ यायचीच. एका झटक्यात संपवतो, त्यालाही कळणार नाही."

सिस्टर मटकन खुर्चीवर बसल्या. "आणि मॉयरा? तिनं तुला अडवलं नाही?"

"मॉयरा? ती बघा, मागं कांदे सोलत बसलीय!"

सिस्टरनी पिशवीतून इंजेक्शनची मोठी सुई काढली. पण तेवढ्यात अंगणात माणसांचा गलबला झाला. बाहेर गावचा मुखिया कालोरिब उभा होता, मागं पाच-सात म्हातारी मंडळी आणि दोरीला बांधलेलं एक भलंमोठं डुक्कर.

"मिसी," कालोरिब गंभीरपणे म्हणाला. गाव मला मिसी म्हणतं. "पहाटे मकुआहून माझ्या मेव्हण्याची होडी आली. त्यानं सगळं सांगितलं. तुझ्या घरात इतकी उपासमार होती, तर आधी बोलायचं ना! हे डुक्कर घे, पण त्या म्हाताऱ्याला सोड."

"कुठल्या म्हाताऱ्याला?"

"आमच्या पणजोबांनी ती माणसं खाण्याची सवय तुमच्याच लोकांच्या सांगण्यावरून सोडली," तो तितक्याच गंभीरपणे पुढं म्हणाला. "आता तुम्हीच सुरू करायचं म्हणजे पोरांना आम्ही काय तोंड दाखवावं?"

मागची म्हातारी लेपाकोआ पुढं सरसावली. "आणि सूप? अगं मिसीबाई, इतक्या मोठ्या माणसाचं कुणी सूप करतं? केळीच्या पानात गुंडाळायचं, नारळाचं दूध घालायचं आणि तापलेल्या दगडांवर ठेवायचं. तुम्हा लोकांना खायचीही रीत नाही!"

मॉयरा हातात कांदा घेऊन दारात आली होती. तिनं एकदा सिस्टरच्या सुईकडं पाहिलं, एकदा डुकराकडं आणि शेवटी माझ्याकडं. त्या नजरेनं नारळही फुटला असता!

"डंकन," ती हळू म्हणाली, "काल ते बटण बाहेर आलं होतं का?"

मी वळून टेबलावरच्या माइककडं पाहिलं.

"सगळ्यांनी ऐकलं?" मी सिस्टरना विचारलं.

"सगळ्यांनी! शब्द न् शब्द! मिसेस पिम तर मुख्य ठाण्यावर भेटेल त्याला एकच विचारताहेत म्हणे, 'बायका म्हणजे नक्की किती? आणि ती जाड पांढरी कोण?'"

तेवढ्यात पायरीवर आमचा ऑगस्टस चढला. छाती पुढं काढून त्यानं सगळ्यांची तपासणी केली आणि सिस्टरच्या बुटावर चोच मारली. मॉयरा सवयीनं ओरडली, "ऑगस्टस, चालता हो!"

सिस्टरचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्यांनी कोंबड्याकडं पाहिलं, सुई पिशवीत ठेवली आणि हसून हसून डोळे पुसू लागल्या.

मी कालोरिबकडं वळलो. "मुखिया, तुम्ही रोज इथून येता-जाता. हा ऑगस्टस आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"गावातल्या तान्ह्या पोरालाही माहीत आहे," कालोरिब म्हणाला. आता कुठं त्याच्या ओठांचे कोपरे हलले. "पण मेव्हणा इतक्या लांबून वल्हवत आला होता. त्याचा विरस कशाला करा?"

मागची मंडळी हसून एकमेकांच्या अंगावर कोसळत होती. एकटं डुक्कर काय ते गंभीर होतं.

हसण्याची वेळ आमची नव्हती. पिमसाहेबांना आधी खरं सांगायला हवं होतं. मॉयरानं केसांतली पिन काढून बटण उचकटून बाहेर आणलं, मी थोडी भरलेली बॅटरी लावली आणि हाक दिली. खिडकीखाली गाव जमलं. दुसऱ्या बेटांवरही जमलं असणार! पलीकडून पिमसाहेबांचा खर्जातला आवाज आला.

"बोला, डंकन."

"साहेब, ऑगस्टस म्हणजे तुम्ही नव्हे! ऑगस्टस म्हणजे आमचा कोंबडा!"

मग आवाज आला, "तुम्ही कोंबड्याला माझं नाव ठेवलंत?"

"हो, साहेब."

"का?"

अख्ख्या समुद्रानं श्वास रोखून धरला! मी मॉयराकडं पाहिलं. तिनं छताकडं पाहिलं.

"कारण साहेब, तो अतिशय रुबाबदार आहे. पहाटे सगळ्यांच्या आधी उठतो. आपल्या कळपाची अहोरात्र काळजी घेतो. त्याच्याकडं पाहिलं की आम्हाला कर्तव्याची आठवण होते."

घाम पुसत मी बटण सोडलं आणि मॉयराला म्हणालो, "हुश्श! पचली बुवा थाप! 'चोच घालतो' म्हणून नाव ठेवलं हे त्याला आता सात जन्मांत कळायचं नाही!"

मॉयराचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं बोटानं माइककडं खूण केली.

बटण पुन्हा आतच अडकलं होतं.

तिनं पिन घुसवून ते उचकटलं. मग अगदी सावकाश शब्द आले, "गुरुवारी येतो. माझं जेवण माझ्याबरोबर असेल."

त्या दिवसापासून गुरुवारपर्यंत मॉयरा माझ्याशी बोलली नाही. बोलायची ती कोंबड्याशी. "ऑगस्टस, तुझ्या मालकाला सांग, पेट्या भरायला घे." मी पेट्या काढल्या. शाळेतल्या पोरांची चित्रं भिंतीवरून उतरवताना तिचे डोळे भरून आले आणि मला पहिल्यांदाच कळलं, की ही भानगड केवळ हसण्यावारी जाणारी नाही. मी "सगळं नीट करतो" म्हणालो. तेवढंच ती माझ्याशी बोलली, "नको. कृपा करून नको."

गुरुवारी बोट लागली. कालोरिबनं सगळं गाव धक्क्यावर उभं केलं होतं. पिमसाहेब उतरले. छाती पुढं, हात मागं, बगलेत जेवणाचा डबा. ते चालू लागले आणि कुठून कोण जाणे, ऑगस्टस त्यांच्या मागं येऊन तसाच पाऊल टाकत चालू लागला! साहेब थांबले की हा थांबे. साहेबांनी मान वळवली की हाही वळवे. तोंडात कोंबायला पदर नसल्यामुळं गावातल्या बायकांनी एकमेकींच्या खांद्यांत तोंडं खुपसली.

"मुखिया," साहेब कालोरिबला म्हणाले, "हाच का तो?"

"हाच, साहेब." कालोरिबनं अदबीनं मान झुकवली. "ऑगस्टस, हे ऑगस्टस."

दिवसभर साहेबांनी शाळा पाहिली, विहीर पाहिली, पोरांचे पाढे ऐकले. दुपारी कालोरिबच्या डुकराचं जेवण झालं, केळीच्या पानात, नारळाच्या दुधात, लेपाकोआच्या देखरेखीखाली. साहेबांनी वास घेतला, आपला डबा बाजूला सारला आणि तीनदा वाढून घेतलं. मग हात धुऊन ते आमच्यासमोर बसले.

"छप्पर मंजूर," ते म्हणाले. "आणि तुमची बदली रद्द."

मॉयरानं माझा हात इतका घट्ट दाबला की बोटं कडकडली. "साहेब, तुम्ही रागावला नाहीत?"

"फार रागावलो! पण डंकनना मुख्य ठाण्यावर आणायचं म्हणजे आमच्या मोठ्या रेडिओजवळ आणायचं. मिशनला ते परवडणार नाही. तुम्ही इथंच राहा."

मी नम्रपणे मान खाली घातली. साहेबांनी घसा खाकरला. पहिल्यांदाच ते जरा ओशाळल्यासारखे दिसले.

"शिवाय मला फार बोलण्याचा अधिकारही नाही. आमच्या घरी एक बोकड आहे. दिसेल ती वस्तू तोंडात घालतो, मोडतो आणि मग मोठी कामगिरी केल्यासारखा बघत उभा राहतो. माझी पत्नी त्याला डंकन म्हणते."

मी हसलो. मोठ्या मनाच्या माणसानं हसायलाच हवं! मॉयराही हसत होती, पण जरा जास्तच. साहेब बोटीत बसल्यावर मी तिला म्हणालो, "मिसेस पिमना हे नाव सुचलं तरी कसं? त्यांची-माझी कधी भेटसुद्धा नाही!"

मॉयरा एकदम ऑगस्टसला दाणे टाकायला निघाली.

"त्यांनी पत्रातून विचारलं होतं मला," ती पाठमोरीच म्हणाली, "बोकडाला एखादं शोभेलसं नाव सुचव म्हणून."