आरशासमोर कुणाचा नंबर

ठिणगीचं पुढे काय करायचं हे ठरवायला घरात पाच माणसं बसली होती, आणि पाचांपैकी एकही जण ठिणगीला काही विचारत नव्हता.

शाळा सोडून तिला वर्ष होत आलं होतं. बाबांनी सकाळीच निकाल लावून टाकला होता. "आज संध्याकाळपर्यंत काय ते ठरव. नाहीतर सोमवारपासून परत शाळा. धाकट्याच्या वर्गात."

धाकटा, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, तेव्हापासून गालातल्या गालात हसत होता. "माझ्याच बाकावर बस, ताई. मी सांभाळून घेईन."

आत्याला भाचीची दया आली म्हणून ती एका मार्गदर्शक बाईंना घेऊन आली होती. पोरांना करिअर शोधून द्यायचं हा त्यांचा धंदा.

"हिला पार्लर टाकून द्या," आत्या म्हणाली.

"हिला? गिऱ्हाईकाचा कान कापून हातात देईल," आई म्हणाली. "त्यापेक्षा शिवण शिकू दे."

"मी इथेच बसलेय," ठिणगी म्हणाली. "मेले नाहीये."

"मोठी माणसं बोलतायत ना," बाबा म्हणाले.

बाईंनी हात वर केला. "उत्तर तिच्या आतच आहे. आरशासमोर एकटीने उभं राहायचं, स्वतःच्या डोळ्यांत बघायचं आणि विचारायचं, मला काय आवडतं? आरसा कुठे आहे तुमच्याकडे?"

"बाथरूममध्ये."

तिलाच विचारा, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ठिणगी ताडकन उठली. पण बाई म्हणाल्या, "थांब, कसं करायचं ते आधी दाखवते," आणि आत जाऊन त्यांनी दार लावलं.

खट्ट झालं.

घरातल्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्या दाराची आतली कडी एकदा बसली की निघत नसे. म्हणून घरात कुणी ती लावतच नसे. दारावर टॉवेल टाकायचा, म्हणजे आत माणूस आहे हे कळतं. इतक्या वर्षांत हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की पाहुण्यांना सांगावं लागतं, हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"कडी निघत नाहीये," आतून बाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, "मला बंद जागेत गुदमरतं हो."

"दीर्घ श्वास घ्या," आत्या म्हणाली.

"तोंडावर पाणी मारा," आई म्हणाली. "उजवा नळ."

"डावा," बाबा म्हणाले.

बाईंनी भलताच नळ फिरवला असावा, कारण शॉवरचा आवाज आला आणि त्यामागून बाईंची किंकाळी. मग चौघंही एकदम सांगायला लागले. सोडा, फिरवा, दाबा, ओढा.

ठिणगीचं डोकं फिरलं. सकाळपासून साठलेलं सगळं बाहेर आलं. "गप्प बसा सगळे. आत अडकलंय कोण आणि बोलतंय कोण. बाबा, तुम्ही बिजागऱ्यांचे स्क्रू काढा."

बाबा चक्क स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले.

ठिणगी स्टूल ओढून दाराशी बसली. "बाई, आरशात बघा. डोळ्यांत. तुम्हाला काय आवडतं?"

आत शॉवर अजून चालूच होता.

"बस चालवायला," बाई म्हणाल्या.

"बस?"

"मोठी. लांब पल्ल्याची. मैदानात एकदा चालवली होती, काकांच्या मांडीवर बसून. वडील म्हणाले, पोरीच्या जातीला शोभत नाही."

"मग?"

"मग काय. दुसऱ्यांना काय शोभतं, ते मी सांगायला लागले."

बाबांचा स्क्रू ड्रायव्हर थांबला. मग परत सुरू झाला, पण हळू.

दार उचलून भिंतीला टेकवलं तेव्हा बाई नखशिखांत भिजल्या होत्या. आईने त्यांना अंग पुसायला टॉवेल दिला. आत्याने हळूच विचारलं, "मग हिचं काय ठरलं म्हणायचं?"

"माझं आत्ता ठरलं," बाई म्हणाल्या. "पन्नाशी उलटल्यावर, तुमच्या शॉवरखाली. आणि तुम्ही पोरीला संध्याकाळपर्यंतची मुदत देताय?" त्यांनी पर्स उचलली, जवळ ड्रायव्हिंग स्कूल कुठे आहे ते विचारलं आणि तशाच ओल्या निघून गेल्या.

"आता माझा नंबर," ठिणगी म्हणाली आणि वळली.

भिंतीला टेकवलेल्या दारावर टॉवेल टाकलेला होता. आत बाबा उभे होते. हातात स्क्रू ड्रायव्हर, नजर आरशात.

"अहो, काय करताय?" आई म्हणाली.

बाबा वळले नाहीत. "सोमवारचं राहू दे," एवढंच म्हणाले.

धाकट्याचा चेहरा पडला. "पण बाबा आत किती वेळ?"

"दम धर. त्यांचं अजून ठरायचंय," ठिणगी म्हणाली आणि स्टूलवर परत बसली. आरसा सुचवला होता तिच्यासाठी, आणि तिला सोडून सगळ्यांना मिळत होता. तेवढ्यात आत्या पदर सारखा करत पुढे सरकली. "मी जरा एकच मिनिट..."

"आत्या," ठिणगी म्हणाली, "रांगेत या."