पायरीची चूक

ड्रायव्हरकाका आपल्याच घराच्या पायरीवरून पडले, ते चहाचा कप हातात धरून समोरच्यांची नवी गाडी न्याहाळत होते म्हणून. दवाखान्यात नर्सने कसे पडलात विचारलं, तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं, "माझं लक्ष नव्हतं. चूक माझी." जन्मभर बस चालवून त्यांनी कधी दुसऱ्याच्या नावाने खडे फोडले नव्हते, ते आता एका मुक्या पायरीच्या नावाने काय फोडणार?

नर्सने नियमाप्रमाणे ते वर कळवलं, आणि नागरिक सुरक्षा विभागाचा अधिकारी दारात हजर झाला.

"काका, चूक नागरिकाची नसते, पायरीची असते," तो लहान मुलाची समजूत घालावी तसं म्हणाला.

"साहेब, पायरी जागची हलली नव्हती. मी हललो."

अधिकाऱ्याने हळहळत मान डोलावली आणि पायरीला पिवळा रंग मारून घेतला. रंग इतका गुळगुळीत, की त्यावरून दूधवाला घसरला. म्हणून कठडा बसला. कठड्यामुळे दार अर्धंच उघडू लागलं, म्हणून 'दार जपून उघडा' असा फलक आला. फलक अंधारात दिसेना म्हणून दिवा आला. त्या दिव्याने येणाऱ्याजाणाऱ्याचे डोळे दिपायला लागले, तेव्हा विभागाने हात टेकले आणि पुढे लोखंडी अडसर लावून पायरीच बंद केली. घरात ये-जा मागून करायची, स्वयंपाकघरातल्या ओल्या फरशीवरून.

काकांचा जीव मेटाकुटीला आला. सकाळचा चहा त्या पायरीवर बसून, रस्ता बघत प्यायचा, एवढी एकच चैन त्यांनी निवृत्तीसाठी राखून ठेवली होती. बायको म्हणायची, खुर्चीत बसून प्या. खुर्चीत बसून काय भिंत बघायची?

"सगळं तुमच्या खरेपणामुळे," ती करवादली. "मांजर आडवं आलं म्हणायचं होतं."

"मग मांजराला पिवळा रंग दिला असता त्यांनी."

पुढे एकदा अधिकारी पाहणीला आला. इथे आता माणूस पडणं शक्यच नाही, असं फोनवर आपल्या साहेबांना सांगता सांगता त्याचा पाय अडसरात अडकला, आणि फलकाला धडकून तो पायरीवर आडवा झाला.

काकांनी त्याला उठवून पाणी दिलं. गुडघा चांगलाच फुटला होता.

"चला, दवाखान्यात नेतो. कसे पडलात ते विचारतीलच."

अधिकाऱ्याचा चेहरा उतरला. "नको काका. माझंच लक्ष नव्हतं. चूक माझी."

"असं कसं? तुम्हीही नागरिकच की. चूक अडसराची. तो कुणी लावला तेही सांगू."

अधिकाऱ्याने एका हाताने गुडघा धरून दुसऱ्या हाताने विभागाला फोन लावला. संध्याकाळच्या आत अडसर, फलक, दिवा, कठडा असं सगळं टेम्पोत चढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ऐटीत चहा घेऊन बाहेर आले. समोरच्यांनी गाडी धुवायला काढली होती आणि ती उन्हात झकास चमकत होती. धप्प असा आवाज ऐकून बायको धावत आली, तर कपाचे तुकडे झालेले आणि काका पायरीखाली जमिनीवर.

"अहो, पडलात?"

काकांनी आधी डावीकडे, मग उजवीकडे रस्ता नीट पाहून घेतला.

"छे," कंबर धरून ते हळू आवाजात म्हणाले. "आज इथंच बसायचं होतं."