गुप्तेकाका आणि वैमानिकांची नाकं

आमच्या नौपाड्याच्या इमारतीतलं कुणी विमानानं निघालं, की गुप्तेकाका आदल्या दिवशी पेन्सिल घेऊन त्याच्या दारात हजर. "बसा. नाक काढायचंय."

मग नाक निघतं. भोपळ्याएवढं डोकं, त्यावर वैमानिकाचा जाड चष्मा, खाली इवलंसं विमान आणि सगळ्यांच्या पुढे नाक. माझं काढलं तेव्हा मी नुसती इंदूरला निघालेले. आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

हे वेड काकांना त्यांच्या वडिलांकडून आलेलं. समुद्र ओलांडून एकट्यानं उडालेल्या पहिल्या वैमानिकांची जुन्या पेपरांतली अर्कचित्रं त्यांनी कापून पुठ्ठ्यांवर चिकटवली होती. काकांच्या हॉलमध्ये देवांपेक्षा त्यांचीच गर्दी जास्त. ती बघूनबघून काकांनी स्वतःचं शास्त्र काढलंय. माणूस सुखरूप उतरला, तरच पेपरवाले त्याचं नाक ताणतात. वाटेत हरवला, तर साधा, गंभीर फोटो छापतात. "न पोचलेल्याची कुणी चेष्टा करत नाही," हे ते मला नेहमी ऐकवतात. म्हणून चेष्टा आधीच उरकून घ्यायची, म्हणजे पोचणं भागच. स्वतः काका कधी विमानात बसलेले नाहीत.

मला हे मुळीच पटत नाही. पण नवरा दुबईला निघाला, तेव्हा मीच त्याला ओढून काकांसमोर बसवलं.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी मीनल नोकरीसाठी कॅनडाला निघाली, एकटी. काकू गेल्यापासून घरात ही दोघंच. निघायच्या सकाळी काकांनी माझी बेल वाजवली. हातात कागदांचा गठ्ठा, चेहरा पार उतरलेला. मी एकेक कागद बघितला. सगळीकडे मीनल जशी आहे तशीच होती. शांत, सुंदर, अगदी फोटोत असावी तशी. मी गठ्ठा पटकन उलटा केला.

"तिचं नाक मोठं होतच नाही हो माझ्याच्यानं," ते म्हणाले. "कॅब यायची वेळ झाली. तुम्ही काढा."

मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, हे सांगून पाहिलं. तेवढ्यात समोरच्या दारातून मीनल बॅग ओढत बाहेर आली आणि काकांनी कोरा कागद माझ्यापुढे धरला. मी पेन्सिल घेतली. कसंबसं डोकं काढलं, त्यावर वांग्यासारखं नाक बसवलं. मीनल डोकावली आणि पोट धरून हसायला लागली.

काका हसले नाहीत. कागदावर वाकून हळूच म्हणाले, "अजून वाईट काढा. फार लांब जायचंय तिला."