चाळीस परिचारिकांची दुहेरी हजेरी

श्री. धन्वंतरीस व शारदेस साष्टांग दंडवत. उभयतांच्या नावे ज्यांनी दुकान मांडिले त्यांस दुरून रामराम. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी वर्तमान घडले ते जैसे घडले तैसे लिहितो.

एक राज्य होते. तेथे महाराजांनी दोन महाल बांधिले, एक परिचर्या शिकविण्याचा विद्यामहाल व दुसरा रुग्णांचा आरोग्यमहाल, आणि दोहोंचे मध्ये भिंत व भिंतीस एक दिंडीदरवाजा ठेविला. एका महाली चाळीस अध्यापिका व दुसरे महाली चाळीस परिचारिका असाव्या ऐसा वरिष्ठ पातशाहीचा नियम. महाराजांनी चाळीसच बाया चाकरीस ठेविल्या, आणि प्रत्येकीस दोन लुगडी दिली, निळे अध्यापिकेचे व पांढरे परिचारिकेचे, आणि दोन्ही दारी अंगठ्याची यंत्रे बसविली, मग प्रत्येकीने प्रातःकाळी दोहोंवर अंगठा ठेवावा, म्हणजे शिबंदी ऐंशी जाहली. पातशाही परीक्षक ज्या महाली येत तेथे बाया दिंडीतून जात व लुगडे पालटीत. ऐशी नऊ वर्षे सुखरूप गेली. यास त्या राज्यात मनुष्यबळाचे नियोजन म्हणत, आणि त्यावर व्याख्याने देत.

मग कीर्तिखात्याचे कारभारी गुंडोपंत यांचे मनी आले की, दोन्ही महालांस उत्तम दर्जाचे किताब एकाच दिवशी मिळवावे व महाराजांचे छबीखाली एकाच फलकावर गावोगाव झळकवावे. सबब त्यांनी आपण होऊन अर्ज केले, आणि दोन्हीकडील परीक्षकांसाठी एकच दिवस मागून घेतला. दिवस मुक्रर जाहला, फलक छापून आले, आणि मग पंतांस स्मरले की बाया चाळीसच आहेत. परंतु पंत मोठे हिकमती. त्यांनी ठरविले की, आरोग्याचे परीक्षकांस दुपारपर्यंत शाल, श्रीफळ, पुरणपोळी व महाराजांचे पराक्रमाची चित्रफीत यांत गुंतवावे, तोवर सर्व बायांनी निळे नेसून विद्यामहाली बसावे, आणि रुग्णदालनांस ‘स्वच्छता चालू आहे’ ऐशी पाटी लावावी.

अकाली जन्मल्या बालकांचे दालनी मैनाबाई टेंभेकर नामे परिचारिका होत्या. तेथे सातव्या मासी जन्मलेली दोन बालके, एक या टोकास व एक त्या टोकास, कारण प्राणवायूच्या नळ्या तेथेच. ती श्वास घेणे विसरत; विसरली की तळपायास टिचकी मारावी, मग स्मरत. पंत निळे लुगडे घेऊन खासा आले आणि बोलिले, "मैनाबाई, चला. आज तुम्ही शरीरशास्त्राच्या अध्यापिका."

"पंत, ही दोघे श्वास विसरतात."

"त्यात काय? आम्हीही पुष्कळ गोष्टी विसरतो."

"तुम्ही विसरता तेव्हा बढती होते. ही विसरली की निळी पडतात. मग हे लुगडे यांसच गुंडाळा."

"जिभेस आवरा! चाळिसावी जागा रिकामी दिसली तर तुमची चाकरी गेली."

"मग दुसरी एक तरी मागे ठेवा. दोन टोकांस दोघी."

"गणती चाळिसांची आहे, बाई, टोकांची नव्हे," ऐसे बोलून पंत गेले, आणि एकोणचाळीस बाया मान खाली घालून दिंडीतून गेल्या. मैनाबाई गेल्या नाहीत. एका बालकाची माता पोट चिरल्याने उठती नव्हती. दुसऱ्याची माता सगुणा, टाके ओले तरी, भिंत धरून चाले, तिला मैनाबाईंनी तिचे लेकरापाशी उभे केले.

"बाई, मला कुठं येतंय?"

"येतं. गप्प झालं की मार टिचकी. लागेल म्हणून भिऊ नको."

मग दोन घटका ठीक गेल्या, आणि मग सगुणेचे लेकरू टिचकीनेही जागे होईना, आणि तिने हाक फोडिली, आणि मैनाबाई धावून त्याचे तोंडास श्वासाची पिशवी लावून वारा भरू लागल्या, आणि त्याच क्षणी दुसरे टोकाचे बालक विसरले. मैनाबाईंनी बाहेर हाका दिल्या. बाहेर पाटी होती. "सगुणा, तिकडं धाव!" सगुणा टाके दाबून धावली, तिने टिचकी मारिली, पुन्हा मारिली, आणि मारीतच राहिली. तिचे लेकरू रडले. दुसरे रडले नाही.

सायंकाळी दोन्ही किताब मिळाले. आठवे दिवशी चौकशी बसली आणि पंतांनी निरूपण केले की, त्या घटकेस दालनात मैनाबाई एकट्याच होत्या. जे नव्हते त्यांस दोष कैसा लागेल? सभेने माना डोलाविल्या. सगुणा दारातून बोलली, "आणि माझं वाचवलं ते कुणी, पंत?"

"महालाचे उत्तम सेवेने," पंत उत्तरले, आणि ते टिपून घेण्याची आज्ञा जाहली.

एवंच, नऊ वर्षे ज्यांनी चाळिसांस दोन ठिकाणी दाखविले ते निर्दोष सुटले आणि जी एके ठिकाणी होती ती दूर जाहली. बालकाचे बारसे जाहले नव्हते, यास्तव राज्याचे दप्तरी त्याचे नाव नाही. महाराजांस ते विचारावे ऐसेही वाटले नाही. इति.