फोटोतून पुसलेली इया

बाबा लादेजोंनी घर विकायला काढलं, याबद्दल इया मोरेनिकेची, म्हणजे सगळे जिला इया, आई, म्हणत तिची, काही तक्रार नव्हती. ज्याचं घर त्याची मर्जी. पण एका कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे एकतीस वर्षं काढल्यावर ही गोष्ट आधी शेजारणीच्या कानावर घालायची रीत असते. ते राहिलं बाजूला. रविवारी प्रार्थना आटोपून बायका चर्चच्या पायऱ्या उतरत होत्या, तेव्हा शिंपीण फोलाशादेने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "इया, फोटो छान आलाय हो तुमचा."

फोटो बाबांच्या घराचा होता. दलालाने तो बाबांच्या पाण्याच्या टाकीवर चढून काढला होता, अंगण मोकळं दिसावं म्हणून. अंगण मोकळं दिसतच होतं. पण शेजारचं इयाचंही दिसत होतं, आणि त्यात चटईवर वाळत घातलेले यामचे काप, दोरीवर इयाचे आतले कपडे आणि बुटक्या स्टुलावर खुद्द इया. छातीशी लुंगी बांधलेली, डोक्याला रुमाल नाही, अर्धे केस विंचरलेले आणि अर्धे आभाळाकडे निघालेले. जी बाई दूधवाल्यालासुद्धा उघड्या डोक्याने सामोरी गेली नव्हती, ती आता अख्ख्या इबादान शहराच्या हातात होती.

"किती जणांनी बघितला?"

"दोन हजार, असं लिहिलंय इथे."

"त्यात पुरुष किती?"

फोलाशादे आकड्याखाली बोट फिरवून शोधू लागली.

इया चर्चमधून थेट बाबांच्या ओसरीवर गेली. बाबा लादेजो रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेले. गाडी स्टेशनात शिरेपर्यंत तोंड उघडायचं नाही, ही सवय त्यांना तेव्हापासूनची.

"मी सांगणारच होतो तुम्हाला," ते म्हणाले.

"कधी? नवीन माणसाने चूल पेटवल्यावर?"

"मुलगा इलोरिनला बोलावतोय. गुडघे दुखतात."

"गुडघे तुमचे दुखतात आणि वेशीवर अब्रू माझी टांगता? बोलवा त्या फोटोवाल्याला."

दलालाचं नाव रोटिमी. चांगला तिशीचा बाप्या, इस्त्रीची पांढरी पँट घालून आला आणि वडीलधाऱ्यांना घालायचं तसं अंगणातच इयाला लोटांगण घातलं. ऊठ म्हणेपर्यंत उठता येत नाही, आणि इया काही लवकर ऊठ म्हणाली नाही.

"माझं जे जे आहे, ते त्या फोटोतून काढ," ती त्याच्या पाठीला म्हणाली.

"काढतो, इया. फोनमध्येच पुसता येतं हल्ली."

"मग मला पूस. कपडे पूस. याम पूस."

"पुसलं."

"ते मधलं कुंपण कोणी बांधलं, माहीत आहे? माझ्या नवऱ्याने, स्वतःच्या हाताने. तेही काढ."

"आणि तुमच्या भिंतीवर ते लाल अक्षरात लिहिलंय?"

"ते कोणी लिहिलं?"

"तुमच्या मालकांनीच असेल."

"मग ते माझंच. काढ."

"घर पण पुसू?"

इयाने घराकडे पाहिलं. नाताळातच रंग दिलेला, पायऱ्या रोज धुतलेल्या. "घर राहू दे," ती म्हणाली. "लोकांना कळू दे घर कसं ठेवतात."

रोटिमीने संध्याकाळी नवा फोटो आणून दाखवला. इया शाळेत गेली ती दोनच वर्षं, पण फोटो बघायला शाळा लागत नाही. तिने स्वतःला शोधलं, सापडली नाही. कपडे शोधले, सापडले नाहीत. "आता माणसासारखा झाला," ती म्हणाली.

तिच्या भिंतीवर जे लिहिलं होतं, ते एवढंच होतं: हे घर विकायचं नाही. इबादानात अशा भिंती पुष्कळ आहेत. मालक चार दिवस गावाला गेला की भलताच कोणीतरी घर विकून मोकळा होतो, म्हणून लोक लिहून ठेवतात. पण इयाच्या नवऱ्याने ती अक्षरं रंगवली ती जितकी ठगांसाठी, तितकीच धाकट्या भावासाठी, आयिन्लासाठी. घर सासऱ्यांचं. नवरा वारल्यावर भाऊबंदांच्या बैठकीत ठरलं होतं की घर उभं आहे तोवर इया त्यात राहील. ज्या दिवशी ते विकायला निघेल, त्या दिवशी त्याचे तीन वाटे होतील. आयिन्ला गेली अकरा वर्षं त्या दिवसाची वाट बघत होता.

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारी एक नवराबायको टेप घेऊन आले आणि सरळ इयाच्या स्वयंपाकघरात शिरून खिडकी मोजू लागले. इया एवेडूची भाजी घोटत होती.

"ही भिंत पाडली तर हॉल मोठा होईल," बाई म्हणाली.

"आणि ही चूल?" नवरा म्हणाला.

"चूल राहू दे, ही म्हातारी बाई कोण आहे ते विचार आधी."

म्हाताऱ्या बाईने ते घोटणी दाखवून सांगितलं. पण जाता जाता नवऱ्याने मोबाइलवर तो फोटो दाखवला. कुंपण नाही, अक्षरं नाहीत, एकाच मोकळ्या आवारात दोन घरं शेजारी शेजारी. एक जरा पडकं, एक देखणं. देखणं कुठलं, हे इयाला कोणी सांगायला नको होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्याचा आनंद झाला नाही.

बुधवारी लागोसहून मुलाचा, दोतुनचा फोन आला. "इया, तू घर विकलंस? आणि फोटोत तू कुठे नाहीस. बरी आहेस ना?"

"मी स्वयंपाकघरात आहे. मला फोटोत शोधतोस कशाला?"

"काका म्हणाले, तू भिंतीवरची अक्षरंसुद्धा पुसलीस."

इयाने फोन कानापासून लांब धरला आणि बाहेर जाऊन भिंत बघून आली. अक्षरं जागच्या जागी होती. पण ती बघायला कोण येणार? फोटो घरोघर पोचला होता.

शनिवारी आयिन्ला आला. सोबत दोन चुलत दीर, कडक धुतलेले झगे, हातात कोलाच्या फळांची परडी. शुभकार्याला येतात तसे.

"वहिनी, निर्णय चांगला घेतलात," तो बसता बसता म्हणाला. "एकटीला एवढं घर काय करायचं?"

"कसला निर्णय? भिंत दिसत नाही का भावजींना?"

"भिंत दिसते. पण फोटोही दिसतो. भिंतीवरचं राहून गेलं असेल पुसायचं, फोटोतलं तर आठवणीने पुसलंत."

"ते त्या दलालाने पुसलं."

रोटिमीला बोलावलं. तो काळी पँट घालून आला होता, एवढी अक्कल त्याला आली होती. त्याने चौघांनाही लोटांगण घातलं आणि जमिनीवरूनच म्हणाला, "खोटं कसं बोलू? इयांनीच सांगितलं, अक्षरं काढ म्हणून. घर पुसू का विचारलं, तर म्हणाल्या घर राहू दे, लोकांना बघू दे."

आयिन्लाने चुलत भावांकडे पाहिलं. चुलत भावांनी परडीकडे पाहिलं.

"साक्षीदार तुमचाच, वहिनी," आयिन्ला म्हणाला.

बाबा लादेजो कुंपणापलीकडे उभे राहून ऐकत होते. गाडी स्टेशनात शिरलीच होती, पण त्यांनी अजून तोंड उघडलं नाही. इया एकदा त्यांच्याकडे बघून उभी राहिली, तेवढ्यात त्यांच्या फाटकातून नर्सच्या गणवेशातली एक बाई आत आली.

"घर बघायला आले," ती बाबांना म्हणाली. "मी सिस्टर आबेके. पण आधी एक विचारते. पहिल्या फोटोत शेजारच्या अंगणात एक आजी बसल्या होत्या. नव्या फोटोत त्या नाहीत. वारल्या का?"

"वारले नाही," इया कुंपणावरून म्हणाली. "चेहरा बघा, ओळख पटते का."

सिस्टरने मोबाइल काढून एकदा त्यात, एकदा इयाकडे पाहिलं. "रुमालामुळे ओळखू आला नाहीत. मी एकटी असते, दिवसभर ड्युटीवर. ज्या अंगणात अशी आजी बसलेली असते, तिथे चोर दोनदा विचार करतो. घर मला तेवढ्यासाठीच आवडलं होतं. म्हणून फोटो ठेवून दिला."

"तो पहिला फोटो तुमच्याकडे आहे?"

"आहे ना."

आता इयापुढे दोन वाटा होत्या. त्या फोटोत अक्षरं होती, कुंपण होतं, खाली बाबांचं नाव होतं. आणि ती होती, छातीशी लुंगी बांधलेली. दिरांपुढे तो फोटो धरायचा म्हणजे काय, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला कळत होतं. इयाने डोक्याचा रुमाल घट्ट केला.

"दाखवा त्यांना," ती म्हणाली. "मोठा करून दाखवा. भावजी, नीट बघा. ही मी, हे माझे केस, ती दोरी, दोरीवर काय आहे तेही बघा. हे पुसायला सांगितलं मी. हे पुसताना रागाच्या भरात भिंतही पुसली गेली. विकायचं असतं तर आधी केस विंचरले नसते का?"

आयिन्लाने एकदा बघितलं आणि मान फिरवली. थोरल्या भावाच्या बायकोला असं बघणं म्हणजे त्याच्या वयाला न शोभणारी गोष्ट. चुलत दीर तर आधीच उभे राहिले होते.

"बस, वहिनी. कळलं," तो फाटकाकडे जात म्हणाला.

"परडी ठेवून जा. आणलेलं परत नेत नाहीत."

परडी राहिली. रोटिमी अजून जमिनीवरच होता. "इया, पहिला फोटो परत लावू का?"

"थांब." ती आत गेली. बाहेर आली ती निळा झगा आणि दोन वीत उंच बांधलेला फेटा घालून. बुटकं स्टूल तिने लाल अक्षरांच्या बरोबर खाली ठेवलं आणि बसली. "आता चढ टाकीवर."

रोटिमी टाकीवर चढला. सिस्टर आबेके बाबांची विहीर बघायला गेली. बाबा लादेजो कुंपणापाशी येऊन म्हणाले, "घर जाईल असं वाटतंय. इया, मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

इयाने फेटा हलू न देता डोळे तेवढे त्यांच्याकडे वळवले. "एकतीस वर्षांत एकच गोष्ट माझ्यापासून लपवलीत, बाबा, आणि तीही दोन हजार लोकांना दाखवून. इलोरिनला गेल्यावर असले उद्योग करू नका, तिथे निस्तरायला मी नसेन. आता त्या फोटोवाल्याला नीट लिहायला सांगा. डावीकडचं घर विकायचं आहे, उजवीकडचं नाही. मधे बसलेली शेजारीण डावीकडच्या घराबरोबर मिळेल, पण तिला विचारल्याशिवाय कोणी घर सोडून जायचं नाही."